ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल पॅनलला कसा जोडायचा, आणि पॅनलमध्ये न्यूट्रल-अर्थ लिंक मारायची का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकलं तर सांगा. प्लास्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट, नवीन एचटी (हाय टेन्शन) कनेक्शन, स्वतःचा २०० केव्हीए ट्रान्सफॉर्मर, २२ केव्ही ते ४३३ व्होल्ट. तिथून ४० मीटरवर शेडमध्ये मेन एलटी (लो टेन्शन) पॅनल, मध्ये साडेतीन कोअर २४० स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियम आर्मर्ड केबल, म्हणजे वर धातूचं कवच असलेली. न्यूट्रल बुशिंगच्या (ट्रान्सफॉर्मरवरचं न्यूट्रलचं टोक) पट्ट्या दोन पिटला (अर्थिंगचे खड्डे), बॉडीच्या पट्ट्या दुसऱ्या दोन पिटला, पॅनलचे अजून दोन पिट, आणि हे सगळे एकमेकांपासून सुटे. रिपोर्टमध्ये न्यूट्रलचे पिट मिळून २ ओहम, पॅनलचे मिळून ४ ओहम. आता पॅनलमध्ये न्यूट्रल ते अर्थ मीटर लावला की २२ व्होल्ट दाखवतंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो न्यूट्रल बसबार आणि अर्थ बसबारमध्ये एक लिंक मारू, शून्य होईल. तुमचा मेंटेनन्सवाला म्हणतो लिंकला हात लावायचा नाही.

लिंक मारली की मीटर शून्याच्या जवळ येईल, कॉन्ट्रॅक्टर खोटं बोलत नाहीये. पण २२ व्होल्ट हा तुमचा प्रॉब्लेमच नाही, ते फक्त लक्षण आहे. प्रॉब्लेम हा आहे की पॅनलच्या अर्थपासून ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत धातूचा रस्ताच नाहीये, मध्ये ४० मीटर माती आहे. तो रस्ता करायचा सोडून पॅनलमध्ये लिंक मारणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पुढचं सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे, ट्रान्सफॉर्मर कोणाचा. तुमचा स्वतःचा आहे, एचटी मीटरिंग आहे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून शेवटच्या मशीनपर्यंत सगळी सिस्टीम तुमची, न्यूट्रल कुठे अर्थ करायचा हेही तुम्हीच ठरवायचं. ज्यांच्याकडे वीज कंपनीच्या डीपीवरून एलटी सर्व्हिस येते त्यांच्यासाठी उत्तर वेगळं आहे, त्यांच्याबद्दल खाली लिहितो, त्यांनी हे वाचून पॅनल उघडू नये.

आता २२ व्होल्ट आले कुठून ते बघू, कारण इथेच लोक अंदाजपंचे बोलतात. पहिला संशय सगळ्यांना न्यूट्रल केबलवर येतो. तुमच्या केबलचा न्यूट्रल कोअर १२० स्क्वेअरचा, साडेतीन कोअरमध्ये २४० ला तेवढाच येतो. १२० ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण पाव ओहम, ४० मीटरला ०.०१ ओहम. न्यूट्रलमध्ये तुम्ही ६० अँप करंट मोजलाय, म्हणजे ड्रॉप झाला ०.६ व्होल्ट. २२ कुठे आणि ०.६ कुठे. मग लग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) ढिला असेल? समजा एकाच जॉइंटवर २० व्होल्ट पडतायत आणि ६० अँप वाहतायत, म्हणजे त्या लगमध्ये बाराशे वॅट उष्णता तयार होतेय, घरातल्या इस्त्रीपेक्षा जास्त. असा लग तासाभरात काळा पडून वास सुटला असता. तुम्ही म्हणता हात लावून बघितलं तर गारच आहे. म्हणजे न्यूट्रल ठीक आहे, हललाय तो अर्थ.

अर्थ कसा हलतो? तुमच्याकडे मोल्डिंग मशीन आहेत, बॅरलला बँड हीटर आहेत, आणि हीटर जुने झाले, त्यात प्लास्टिक किंवा तेल गेलं की ते बॉडीला लीक व्हायला लागतात हे या धंद्यात रोजचंच. तो लीकेज करंट मशीनच्या बॉडीतून पॅनलच्या अर्थ बसला, तिथून पॅनलच्या पिटमधून मातीत, मातीतून न्यूट्रलच्या पिटला आणि वर न्यूट्रल बुशिंगला. वाटेत ४ अधिक २ म्हणजे ६ ओहम. २२ भागिले ६, साडेतीन-पावणेचार अँप. एवढा करंट तुमच्या कुठल्यातरी मशीनमधून सतत जमिनीत चाललाय आणि कोणाला पत्ता नाही, कारण शंभर अँपच्या एमसीसीबीला (पॅनलमधल्या ब्रेकरला) साडेतीन अँप म्हणजे काहीच नाही.

आता हेच गणित पूर्ण फॉल्टला लावा. उद्या एखादी फेज वायर कापली जाऊन थेट बॉडीला चिकटली. २४० भागिले ६, करंट ४० अँप. शंभरचा एमसीसीबी ४० अँपला ट्रिप होणार नाही, तासभर नाही, दिवसभर नाही. आणि त्या वेळात पॅनलच्या अर्थवर, म्हणजे त्याला जोडलेल्या प्रत्येक मशीनच्या बॉडीवर, ४० गुणिले ४ म्हणजे १६० व्होल्ट उभे राहतील. ऑपरेटर ओल्या फरशीवर उभा राहून डायचं पाणी बदलतोय असं चित्र डोळ्यासमोर आणा म्हणजे मी का एवढं लिहितोय ते कळेल. हे आकडे पण रिपोर्टमधल्या चांगल्या पिटचे. आपल्याकडे मुरूम आणि खाली काळा दगड, पावसाळ्यात ४ ओहम दाखवणारा पिट एप्रिल-मे मध्ये सहज दुप्पट होतो. अर्थ टेस्टिंग ऑगस्टमध्ये उरकणारे कॉन्ट्रॅक्टर काही भोळे नसतात.

म्हणून मी पिटच्या आकड्यावर समाधान मानत नाही. पिट लागतातच, वीज पडली, एचटी साइडला फॉल्ट झाला, न्यूट्रलला जमिनीशी बांधून ठेवायचं, या सगळ्यासाठी लागतात. पण एलटीच्या फॉल्टला ब्रेकर पाडणं हे पिटचं काम नाही, ते धातूच्या परतीच्या रस्त्याचं काम आहे. अर्थिंगच्या भारतीय मानकात, आयएस ३०४३ मध्ये, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेल्या ग्राहकासाठी टीएन-एस पद्धत दिलीय ती याचसाठी: न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरजवळ अर्थ, आणि तिथून न्यूट्रल आणि अर्थ हे दोन वेगळे कंडक्टर शेवटपर्यंत, पुन्हा कुठेही एकत्र नाहीत.

नियमात न्यूट्रलला दोन वेगळी आणि स्वतंत्र अर्थ कनेक्शन हवीत असं आहे, आणि त्यावरून आपल्याकडे एक समज पक्का झालाय की न्यूट्रलचे पिट आणि बॉडीचे पिट एकमेकांना जोडायचेच नाहीत. नियमाचा हेतू हा की एक पट्टी तुटली तरी दुसरी राहावी. खांबावरच्या डीपीला न्यूट्रल आणि बॉडी वेगळे ठेवतात त्यामागे कारण आहे, तिथे एचटीचा फॉल्ट झाला तर त्याचं व्होल्टेज न्यूट्रलवरून गावातल्या घरांत जाऊ नये. तुमच्या आवारात सगळं एकाच ग्रिडवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पिटच्या जाळ्यावर, आणता येतं, आणि त्या ग्रिडचा एकत्र रेझिस्टन्स १ ओहमच्या आत आणला की न्यूट्रल आणि बॉडी जोडायला हरकत नसते, किंबहुना जोडायलाच हवं. लाइटनिंग अरेस्टरला (वीज पडली तर वाचवणारं उपकरण) मात्र स्वतःचा पिट आणि सरळ, कमीत कमी वळणांची पट्टी द्या.

तर करायचं काय ते आता. न्यूट्रल बुशिंगवरच्या दोन पट्ट्या आहेत तशा राहू द्या. ट्रान्सफॉर्मरच्या यार्डात न्यूट्रलचे पिट आणि बॉडीचे पिट जमिनीखालून पट्टीने एकमेकांना जोडा, रिंग करा. त्या रिंगपासून पॅनलच्या अर्थ बसपर्यंत जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी टाका, एक नाही, दोन, आणि त्या केबलच्याच ट्रेंचमधून केबलला लागून न्या. लांबून वळसा घालून नेली तर एसीत रिॲक्टन्स वाढतो आणि फॉल्ट करंट कमी होतो, पट्टीचे पैसे उलट जास्तच जातात. पॅनलचे पिट पण अर्थ बसलाच राहतील, काढायचे नाहीत.

पट्टीचा साइज. तुमच्या ट्रान्सफॉर्मरचा फुल लोड करंट २६७ अँप, इम्पिडन्स ४.५ टक्के धरला तर शॉर्ट सर्किट साधारण ६ हजार अँप. जीआयला एका सेकंदासाठी चौरस मिलिमीटरला ८० अँप धरतात, म्हणजे ७५ चौरस मिमी लागली. २५ बाय ३ ची पट्टी बरोब्बर ७५ होते, आणि म्हणूनच मी ती वापरत नाही, चार पावसाळ्यांनी गंज खाल्ला की उरली किती? २५ बाय ६ घ्या. ४० मीटरला तिचा रेझिस्टन्स ०.०४ ओहमच्या आसपास येतो, ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स पण तेवढाच, फेज केबलचा किरकोळ, म्हणजे पॅनलवर बॉडी फॉल्ट झाला तर ४० अँपच्या जागी दोन हजारांच्या वर करंट येणार. मग एमसीसीबीला विचार करायला वेळच राहत नाही.

केबलच्या आर्मरबद्दल: तुमच्या फोटोत पॅनलकडे ग्लँड (केबल आणि तिचा आर्मर पकडणारा तुकडा) आहे पण ट्रान्सफॉर्मरच्या टोकाला आर्मर कापून तसाच हवेत सोडलाय. तिथे पण ग्लँड बसवून अर्थ करा, जादा रस्ता मिळतो. पण फक्त आर्मरवर विसंबू नका, ग्लँडखाली गंज चढतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

मग लिंकचं काय. न्यूट्रल-अर्थ जोड एकाच ठिकाणी, आणि तुमच्याकडे तो ट्रान्सफॉर्मरवर झालेला आहे. काही ठिकाणी हा जोड मुद्दाम मेन पॅनलमध्ये घेतात, ट्रान्सफॉर्मर पॅनलला अगदी खेटून असेल, अर्थ फॉल्टची सीटी (करंट मोजायचा ट्रान्सफॉर्मर) तिथेच बसवायची असेल, तर त्यात चूक काही नाही, पण मग तो तिथेच. दोन्हीकडे केला आणि मध्ये पट्टीही टाकली तर न्यूट्रलचा चालू लोडचा करंट न्यूट्रल कोअर आणि अर्थ पट्टी यांच्यात वाटला जातो. तुमच्या ६० अँपपैकी दहा-पंधरा अँप सतत पट्टीतून, आर्मरमधून, शेडच्या स्ट्रक्चरमधून, पाण्याच्या पाइपमधून फिरत राहतील. अर्थ फॉल्ट रिले विनाकारण पडायला लागतात, मशीनच्या कंट्रोलरमध्ये चित्रविचित्र एरर येतात, मग कोणीतरी रिलेच बायपास करतो. आणि आत्ताच्या परिस्थितीत, म्हणजे पट्टी नसताना, लिंक मारली तर आणखी वाईट: सगळ्या मशीनच्या बॉडी न्यूट्रल कोअरच्या भरवशावर. तो एक कोअर ट्रान्सफॉर्मर आणि पॅनलच्या मध्ये सुटला तर परतीचा सगळा करंट बॉडीतून आणि पिटमधून जायला बघेल आणि सगळं युनिट झटका द्यायला लागेल. म्हणून तुमच्या मेंटेनन्सवाल्याचं बरोबर आहे, फक्त लिंक नको एवढं सांगून तो थांबला, पट्टी हवी हे सांगायचं राहिलं.

तुमचा मूळ प्रश्न न्यूट्रल केबल पॅनलला कशी जोडायची हा होता, त्यावर येतो. न्यूट्रल कोअर इन्सुलेटरवर बसवलेल्या न्यूट्रल बसबारला, पॅनलच्या पत्र्याला कुठेही टच नाही. न्यूट्रलमध्ये फ्यूज नाही, म्हणजे नाहीच. जुन्या शेडमध्ये अजून किटकॅट फ्यूज न्यूट्रलमध्ये सापडतात, ते काढून त्या जागी न्यूट्रलच्याच वाटेत सॉलिड लिंक (सलग धातूची पट्टी) टाका. तोडायचाच असेल तर फेजबरोबर एकत्र तोडणाऱ्या चार पोलच्या ब्रेकरनेच. न्यूट्रल एकटा सुटला की काय होतं ते लोकांना आकड्यात कळत नाही म्हणून सांगतो: आर फेजवर एक किलोवॅट, वाय फेजवर पाच किलोवॅट, बी रिकामा, आणि न्यूट्रल गेला. आता दोन्ही लोड ४१५ व्होल्टवर सिरीजमध्ये आले, आर फेजवाल्याला साडेतीनशेच्या जवळपास व्होल्ट आणि वायवाल्याला सत्तर. ऑफिसचे कॉम्प्युटर, एसी, ट्यूबलाइट एका मिनिटात गेले समजा.

केबल ॲल्युमिनियमची, बुशिंगचा स्टड पितळी किंवा तांब्याचा, त्यामुळे बायमेटॅलिक लग घ्या, नुसता ॲल्युमिनियमचा लग पितळेवर आवळला की दमट हवेत सांधा खराब होतो. क्रिम्पिंग हायड्रॉलिक टूलने, योग्य डायने. न्यूट्रलचा लग कामाच्या शेवटी, संध्याकाळी, टूल गाडीत ठेवून झाल्यावर हातोडीने ठोकलेला मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय, कारण डोक्यात असतं की न्यूट्रलच तर आहे. लोड चढल्यावर महिन्याभराने एकदा शटडाऊन घेऊन सगळे बोल्ट परत चेक करा.

१२० चा अर्धा न्यूट्रल पुरेल का? आत्ता ६० अँप आहे तर आरामात पुरतो. पण तुमचे हीटर फेज-न्यूट्रलवर आहेत, एसएसआरवर (इलेक्ट्रॉनिक स्विचवर) चालू-बंद होतात, शिवाय एलईडी लाइट आणि ऑफिसचा लोड, त्यातला तिसरा हार्मोनिक (मूळच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचा करंट) तिन्ही फेजचा न्यूट्रलमध्ये बेरीज होऊन येतो, एकमेकांना कापत नाही. फुल प्रॉडक्शनवर असताना न्यूट्रलला क्लॅम्प मीटर लावा, तोही ट्रू आरएमएस, साधा मीटर इथे फसवतो. फेज करंटच्या निम्म्याच्या जवळ जात असेल तर आधी हीटर तिन्ही फेजवर नीट वाटा. तरीही जात असेल तर पुढची केबल चार कोअर पूर्ण न्यूट्रलची.

डीजी (डिझेल जनरेटर) आहे का ते तुम्ही लिहिलं नाही, पण मोल्डिंगवाल्यांकडे असतोच. डीजीचा न्यूट्रल त्याच्या स्वतःच्या दोन पिटवर अर्थ असतो, म्हणून चेंजओव्हर (लाइन आणि डीजीमध्ये बदल करणारा स्विच) चार पोलचाच हवा. तीन पोलचा टाकून न्यूट्रल कायम जोडून ठेवला तर ट्रान्सफॉर्मर आणि डीजी दोन्हीकडे न्यूट्रल अर्थ, म्हणजे तोच दोन जोडांचा घोळ मागच्या दाराने. त्याहून वाईट म्हणजे लाइन बंद आहे समजून ट्रान्सफॉर्मरवर काम करणाऱ्याच्या हातात डीजीच्या लोडचा न्यूट्रल येतो.

पट्टी टाकून झाली की पटवून कसं घ्यायचं? पिटचा रिपोर्ट नको, कॉन्ट्रॅक्टरकडे लूप इम्पिडन्स टेस्टर मागा, फॉल्ट करंटच्या जाण्या-येण्याच्या पूर्ण रस्त्याचे ओहम तो मोजतो. मशीनच्या टोकाला फेज-न्यूट्रलचं रीडिंग आणि फेज-अर्थचं रीडिंग घ्या. दोन्ही एकमेकांच्या आसपास असतील तर रस्ता धातूचा आहे. फेज-अर्थ जर ओहममध्ये आलं, दोन, पाच, सहा, तर अजून मातीतूनच चाललंय. शंभर अँपचा एमसीसीबी दहा पटीला म्हणजे हजार अँपला लगेच पडतो असं धरलं तर लूप ०.२४ ओहमच्या आत हवा. हा एक आकडा कागदावर लिहून घ्या आणि त्यावरच पेमेंट सोडा.

ही सगळी कामं लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून, सुपरवायझर हजर असताना. बाहेरचा एबी स्विच (एचटी लाइन तोडणारा स्विच) उघडून लॉक, डीओ फ्यूज (एचटीचे फ्यूज) खाली, डिस्चार्ज रॉडने एचटी तिन्ही फेज अर्थ करून, आणि डीजीची बॅटरी सोडवून, ऑटो मोडमधला डीजी मध्येच सुरू झाल्याचे किस्से या लाइनमध्ये सगळ्यांना माहीत आहेत. न्यूट्रल काढताना सगळ्यात शेवटी, जोडताना सगळ्यात आधी. एचटी इन्स्टॉलेशन असल्याने यार्डातल्या अर्थिंगमध्ये बदल करताय हे विद्युत निरीक्षकांच्या ऑफिसला कळवायला लागेल का ते कॉन्ट्रॅक्टरला आधीच विचारा, ड्रॉइंग तर बदलेलच.

आता एलटी ग्राहकांसाठी, दुकान, घर, शेतीपंप. तुमचा ट्रान्सफॉर्मर वीज कंपनीचा, तिथला न्यूट्रल त्यांनी अर्थ केलाय, तुमच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ जोडू नका. लाइनचा न्यूट्रल खांबावर तुटला तर अख्ख्या आळीचा परतीचा करंट तुमच्या पिटमधून जाईल आणि तुमच्या फ्रिजची बॉडी लाइव्ह होईल. तुमच्याकडे ब्रेकर पाडायला धातूचा रस्ता नाही म्हणून आरसीसीबी (अर्थ लीकेजवर पडणारा ब्रेकर) लागतोच, त्याला पर्याय नाही. आणि न्यूट्रल गेला म्हणून बोअरच्या केसिंगवरून न्यूट्रल घेऊन घर चालवणारे अजून आहेत, त्या केसिंगला कोणाचा हात लागेल सांगता येत नाही.

परत तुमच्या २२ व्होल्टवर. पट्टी जोडल्यावर ते एक-दोन व्होल्टवर येतील, पण लीक होणारा हीटर जागेवरच आहे, उलट आता त्याला कमी रेझिस्टन्सचा रस्ता मिळाल्यामुळे करंट थोडा वाढेल, आणि तो हीटर पूर्ण बॉडीला शॉर्ट झाला तर एमसीसीबी पडेल. तेव्हा कॉन्ट्रॅक्टरला शिव्या घालू नका आणि कोणाला त्या मशीनची अर्थ वायर सोडवू देऊ नका. लीकेज क्लॅम्प घेऊन प्रत्येक मशीनच्या अर्थ वायरवर फिरा, ज्या मशीनला अँपमध्ये रीडिंग येईल त्याचे बॅरल झोन एकेक बंद करत जा. ज्या झोनला रीडिंग पडलं तो हीटर काढून मेगर करा (इन्सुलेशन टेस्टरने तपासा), गरम असताना मेगर केलात तर जास्त खरं कळेल, गार हीटर पुष्कळदा पास होतो.